गळ्याची गाठ
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



आपल्या मानेच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्या कर्करोगाचे आकडे जगभर वाढत आहेत, आणि रुग्णांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट बायका आहेत.

मग हा रोग खरोखरच फैलावला काय? दक्षिण कोरियाकडे पाहा. तेथे १९९९ नंतर धडधाकट माणसांच्याही मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ साली रुग्णांचे प्रमाण १९९३ च्या १५ पट भरले. मृत्यू मात्र वाढले नाहीत. म्हणजे जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठीच बहुतांशी उजेडात आल्या. पण सगळीच वाढ अशी नव्हे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन मिसळलेले दूध प्यालेल्या मुलांत हा रोग खरोखर वाढला.

गळ्याच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. तरी गाठ वाढत असेल, आवाज बसला असेल, घास अडत असेल, तर ती पदराआड झाकू नका. शहाद्यास किंवा नंदुरबारास डॉक्टरांना दाखवा. पुढील उपचारांस मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. वेळीच इलाज झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरा. त्याने गलगंड टळतो. भिऊन उगाच तपासण्या करीत हिंडू नये, आणि लाजून गाठ लपवूही नये, एवढेच माझे सांगणे.