सही करण्याआधी शब्दाचा अर्थ विचारा

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आपण संगणकातल्या एका सोयीविषयी बोलणार आहोत. तिला पैसे पडत नाहीत, वेगळं काही विकत आणावं लागत नाही, आणि तरी बऱ्याच जणींना ती ठाऊक नसते. ती सोय म्हणजे संगणकातला शब्दकोश.

तुम्ही म्हणाल, शब्दकोश शाळेतल्या पोरांना लागतो, आम्हाला कशाला? तर ऐका. कर्ज मंजूर झालं की कागद समोर येतात. बोलणं सगळं मराठीत होतं, कागद मात्र पुष्कळदा इंग्रजीत असतो. इथं सही करा, तिथं सही करा, म्हणता म्हणता पाच-सात सह्या होऊन जातात. उद्या काही वाद झाला, तर तोंडी काय सांगितलं होतं ते कोणी विचारत नाही. कागदावर काय लिहिलंय तेच बघतात. म्हणून ज्या शब्दाखाली आपण सही करतो, त्याचा अर्थ आपल्याला कळलाच पाहिजे.

आता हा कोश उघडायचा कसा? शाळेत, ग्रामपंचायतीत, कुणाच्या लेकीच्या लॅपटॉपवर बहुधा वर्ड असतं, म्हणजे आपण अर्ज टाइप करतो ते. त्यात कोरं पान उघडा. कागदावरचा अडलेला शब्द बघून एकेक अक्षर टाइप करा. उच्चार येत नसला तरी बिघडत नाही, अक्षरं जुळली की झालं. एखादं अक्षर चुकलं तर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं, की बरोबर स्पेलिंग समोर येतं.

शब्द नीट लिहून झाला, की त्यावर कर्सर ठेवा आणि शिफ्टचं बटण दाबून धरून एफ-सात दाबा. बाजूला पट्टी उघडते आणि त्याच अर्थाचे दुसरे शब्द दिसतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन नावाचं बटणही दाबावं लागतं. अवघड शब्दाला सोपा शब्द मिळाला, की दहावी-बारावी झालेली मुलगी चटकन अर्थ सांगू शकते. मॅक संगणक असेल तर काम आणखी सोपं. त्यात डिक्शनरी आधीपासूनच असते. शब्दावर बाण नेऊन कंट्रोल, कमांड आणि डी ही तीन बटणं एकत्र दाबली, की अर्थाची चौकट तिथल्या तिथं उघडते.

थेट मराठी अर्थ हवा असेल, तर नव्या वर्डमध्ये रिव्ह्यू या पट्टीत ट्रान्सलेट असतं. तिथं मराठी निवडा. त्याला इंटरनेट लागतं. संगणक जवळ नसेल तर मोबाइलवर गूगल ट्रान्सलेट आहे. त्यात मराठी भाषा आधी उतरवून ठेवली, की रेंज नसतानाही शब्दाचा अर्थ मिळतो.

पण मैत्रिणींनो, इथंच एक गोष्ट लक्षात ठेवायची. एका शब्दाचे चार अर्थ असतात. पहिला दिसला तो उचलला, असं करायचं नाही. ‘प्रिन्सिपल’ शब्द बघा. शाळेत प्रिन्सिपल म्हणजे मुख्याध्यापक, कर्जाच्या कागदात प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, आणि इंटरेस्ट म्हणजे व्याजही. ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा, पण बँकेत सिक्युरिटी म्हणजे तारण. म्हणून शब्द एकटा बघायचा नाही. अख्खं वाक्य वाचायचं आणि त्यात बसेल तो अर्थ घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द सांगते. गटानं मिळून घेतलेल्या कर्जाच्या कागदात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द येऊ शकतात. ‘सेव्हरल’चा पहिला अर्थ कोशात मिळतो ‘काही’ किंवा ‘बरेच’. तेवढ्यावर थांबलं तर वाटेल, सगळ्या मिळून फेडू असं लिहिलंय. पण खाली वाचत गेलं, की कायद्यातला अर्थ मिळतो. तो आहे ‘स्वतंत्रपणे, एकेकीनं’. म्हणजे काय? समजा पाच जणींनी मिळून एक लाख घेतले. चौघींनी हात वर केले, तर कागदाप्रमाणे पाचवीकडे तिच्या वीस हजारांचीच नाही, सगळ्या बाकीची मागणी होऊ शकते. हे कळल्यावर सही करायची नाही असं मी म्हणत नाही. एकमेकींवर विश्वास असेल तर जरूर करा. पण जबाबदारी केवढी आहे, हे जाणून करा.

दुसरा शब्द ‘हायपोथिकेशन’. ऐकूनच धडकी भरते! पण त्याला आपल्या मराठीत किती छान शब्द आहे बघा, नजरगहाण. कर्जावर म्हैस घेतली. म्हैस आपल्याच गोठ्यात, दूधही आपलंच. पण तिच्यावर बँकेचा हक्क आहे, कर्ज फिटेपर्यंत बँकेला न विचारता ती विकायची नाही. एका शब्दात सगळा व्यवहार आला की नाही? कायद्याच्या आणि कारभाराच्या शब्दांसाठी राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ते इंटरनेटवर फुकट बघता येतात. नेहमीच्या कोशात शब्द सापडला नाही, तर तिथं शोधा.

मात्र कोश शब्दाचा अर्थ सांगतो, कर्जाच्या अटी सांगत नाही. ‘मोरॅटोरियम’ म्हणजे हप्ते काही काळ थांबवणे, हे तो सांगेल. त्या काळातलं व्याज चालू राहणार का, हे तुम्हाला बँकेतल्या साहेबांना किंवा मॅडमना विचारावं लागेल. बिनधास्त विचारा, तो तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला नवीन मुदतकर्ज देताना केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा तक्ता द्यावा लागतो. व्याज आणि बाकीचे खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडतं, हे त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता कर्जदाराला कळेल अशा भाषेत असला पाहिजे आणि समजावून सांगितला पाहिजे. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा करार आणि कर्ज कार्डसुद्धा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेतच हवं. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. तेव्हा आधी मराठी कागद मागा. तरी एखादा शब्द अडलाच, तर कोश आहेच.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. गटाच्या कपाटातले जुने कर्जाचे कागद काढा. त्यातले न कळलेले पाच शब्द निवडा. संगणकावर बसून दोघी-तिघींनी मिळून त्यांचे अर्थ काढा, आणि एका वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ असं लिहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवा, कारण जबाबदारी त्यांचीही तेवढीच आहे. दर महिन्याला पाच शब्द म्हटले, तरी वर्षात साठ होतात. कर्जाच्या कागदात पुन्हापुन्हा येणारे बरेचसे शब्द त्यात येऊन जातील.

आणि नवीन कर्जाचे कागद आले, तर सहीच्या आदल्या दिवशी त्यांची झेरॉक्स मागून घ्या. एका शब्दाचा अर्थ बघायला दोन मिनिटं लागतात, हप्ते मात्र दोन-दोन वर्षं फेडायचे असतात. चला तर, बैठकीत वही उघडायला विसरू नका.