मांडवातले करारमदार

लग्नसराईच्या तोंडावर हा विषय काढावा, हे काही जणांना अपशकुनासारखे वाटेल. तक्रार, नोटीस, आयोग हे शब्द मांडवात शोभत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण आचाऱ्याने ऐन वेळी दगा दिला, फोटोवाला फिरकलाच नाही, कार्यालयवाल्याने आपली तारीख दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली, असे प्रकार तुमच्या-आमच्या घरांतून घडत असतात. आणि घडले म्हणजे आपण काय करतो? "जाऊ द्या हो, अक्षता वेळेवर पडल्या ना!" असं म्हणतो आणि गप्प बसतो.

या गप्प बसण्याची किंमत काय पडते, ते मी आमच्या घरातच पाहिले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, ठाण्याला राहतात. मुलीचे लग्न मात्र त्यांनी सांगलीला केले, कारण दोन्हीकडचे गणगोत तिकडचेच. तिथल्याच एका केटररला ३०० ताटे सांगितली. ताटाला ४५० रुपये दर आणि ५०,००० रुपये इसार. बोलणी झाली ती चहा पिता पिता, आणि जिन्नसांची यादी लिहिली लग्नपत्रिकेच्या पाठीवर. मसालेभात, पुरी, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा, सगळे आले. दर मात्र आला नाही, ताटांचा आकडाही नाही, आणि सही तर कुणाचीच नाही. भाऊंनी आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केली, पण मुलीच्या लग्नात माणसाची अक्कल जरा बाजूलाच बसते.

कार्यालयाच्या भोजनगृहात खुर्च्या १००. पहिल्या दोन पंगती झकास उठल्या. तिसरीला वराकडची मंडळी बसली, विहीणबाईंसकट ६२ पाने. आणि तिथे जिलेबी संपली. पुरी निम्म्या पानांवर पोचली, निम्म्यांवर नाही. मसालेभाताच्या पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि हात धुऊन आल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं माझी बहीण अजून म्हणते.

चार वाजता केटररचा माणूस बिल घेऊन दारात उभा. उरलेले ८५,००० रुपये! शेजारी व्याही उभे. तमाशा नको म्हणून भाऊंनी तिथल्या तिथे मोबाइलवरून सगळी रक्कम चुकती केली. वैशाखातली ही गोष्ट. पुढे दिवाळीत भाचीला सासरी कुणीतरी सहज म्हणाले, "तुमच्याकडे ताटं मोजूनमापून सांगतात वाटतं?" पोरगी फोनवर रडली. चूक केटररची, आणि कंजूषपणाचा शिक्का बसला तो मुलीच्या बापावर. तेव्हा कुठे भाऊ मला म्हणाले, "आता काही करता येईल का रे?"

मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस, कायद्याचा नव्हे. पण या कामात जे शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, लग्नातले व्यवहार हे करारच असतात. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. बहुतेक करार तोंडीही होऊ शकतात, फक्त ते सिद्ध करताना घाम फुटतो. शिवाय पैसे मोजून सेवा घेणारा माणूस हा ग्राहक. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. ठरलेली सेवा ठरल्याप्रमाणे न देणे याला हा कायदा सेवेतील त्रुटी म्हणतो, आणि त्याची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. मोबदला ५० लाखांपर्यंतचा असला की प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. आपल्या लग्नांचे केटरर तेवढ्यात बसावेत, अशी आशा करू या.

भाऊंना वाटत होते, आता सांगलीला खेटे घालावे लागणार. तसे नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा ठाण्यात अर्ज दिला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. आमचे मिटले नाही. मुदत मात्र ध्यानात ठेवा, घटनेपासून दोन वर्षांची. म्हणजे दिवाळी येईपर्यंत रुसून बसायला हरकत नाही, पण तीन दिवाळ्या जाऊ देऊ नका.

कुणी म्हणाले, "थेट पोलिसांत जा." सुरुवातीपासूनच फसवण्याच्या हेतूने पैसे उकळले असतील तर तो गुन्हा होतो, आणि ती वाट खुली असते. पण काम नीट केले नाही एवढ्याने फौजदारी होत नाही. आमचा केटरर आला होता, त्याने रांधलेही होते. कमी रांधले, एवढेच.

आम्ही आधी साधे पत्र लिहिले. उत्तर आले की, "तुमच्याकडेच माणसं जास्त आली, ४०० जेवली." आता आली का पंचाईत! सगळा वाद या एका आकड्यावर येऊन ठेपला, आणि पानं मोजायला त्या दिवशी कोण बसलं होतं? पण शोधल्यावर सापडले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात केटररनेच भाऊंना मोबाइलवर विचारले होते, "३०० फिक्स ना?" आणि भाऊंनी उत्तर दिले होते, "होय, ३००." लग्नपत्रिकेच्या पाठीने जे केले नाही, ते या दोन ओळींनी केले. मग कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून भोजनगृहात १०० च खुर्च्या असल्याचे पत्र आणले. लग्नाच्या चित्रफितीत तिन्ही पंगती होत्याच. तिसरीतल्या रिकाम्या खुर्च्या आणि भिंतीवरचे घड्याळसुद्धा दिसत होते. दोनशे आणि बासष्ट मिळून २६२. फोटोवाले, वाजंत्री, कार्यालयाचे नोकर धरले तरी तीनशे भरत नव्हते. चारशे कुठून आले, ते केटररलाच ठाऊक.

यावरून तुम्हीच पाहा. काही बिनसले तर त्याच दिवशी घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाला (नवरीच्या बापाला नव्हे) बाजूला काढा. रिकामी पातेली, पाने, वेळ यांचे फोटो घेऊन ठेवायला सांगा. बाहेरच्या दोघातिघांची नावे लिहून ठेवा. पैसे देणे भागच असेल तर द्या, पण पावतीवर किंवा मोबाइलवर एवढे लिहा: "तक्रार राखून रक्कम दिली." भाऊंनी ही एक ओळ लिहिली असती तर आमचे पुढचे सहा महिने वाचले असते. "तक्रार होती तर पूर्ण पैसे कसे दिले?" हाच प्रश्न समोरून पुन्हा पुन्हा येत राहिला.

पत्रानंतर नोटीस पाठवली, स्पीड पोस्टाने. काय ठरले होते, काय झाले, काय मागतो आणि किती दिवसांत, एवढेच त्यात लिहिले. भाऊंच्या पहिल्या मसुद्यात केटररच्या सात पिढ्यांचा उद्धार होता; तो मी काढून टाकला. मागणीवरून तर आमचे जुंपलेच. भाऊंना सगळे १,३५,००० रुपये परत हवे होते आणि वर पाच लाख. मी म्हटले, "भाऊ, दोनशे माणसं तृप्त होऊन उठली, तिचे पैसे कशाचे मागता?" शेवटी न पुरलेल्या १०० ताटांचे ४५,००० आणि मनस्तापाची व खर्चाची वाजवी भरपाई, इतकेच मागितले. मनस्तापाची भरपाई मिळते का, असे तुम्ही विचाराल. मिळू शकते. स्कॉटलंडात एका लग्नाला ठरलेला फोटोग्राफर आलाच नाही, तेव्हा १९७१ साली तिथल्या न्यायालयाने वधूला मनस्तापापोटी ३० पौंड देवविले होते. लग्न काही पुन्हा लावता येत नाही, हे तिकडच्या न्यायाधीशांनाही पटले. आपले आयोगही अशी भरपाई देतात, पण ती आपल्या रागाच्या मापाने नव्हे.

कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून साधारण तीन महिन्यांत निकाल व्हावा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. आम्हांला वर्ष लागले. आयोगाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला आणि दोन्ही बाजूंनी तो मानला. तिथे केटररने कबूल केले की त्या दिवशी त्याची दोन लग्ने होती आणि थोडा माल तिकडे गेला होता. माणूस वाईट नव्हता, हावरा होता. त्याने ४५,००० परत दिले, वर १५,००० दिले. भाऊंनी आणखी एक गोष्ट मागून घेतली, आणि ती कुठल्या कलमात बसते मला ठाऊक नाही: ३०० ताटांची मागणी होती, कमतरता आमच्याकडून झाली, असे दोन ओळींचे सहीचे पत्र.

पैसे बँकेत गेले. पत्र घेऊन भाऊ आणि मी व्याह्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, आत नेऊन विहीणबाईंना दाखवले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

भाऊंकडे याचे उत्तर नव्हते. धाकटीचे लग्न या वैशाखात आहे. या वेळी ताटांचा आकडा, दर, जिन्नस आणि जेवणाची वेळ एका कागदावर लिहून केटररची सही घेतली आहे. तो जरा हसला, पण सही केली.