दुखणे आणि दुखण्याची धास्ती

(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



विषय साधाच घेतलाय. उसाची मोळी उचलताना कमरेत उसण भरली, की आपल्या सातारा-सांगलीकडे पुष्कळ जण आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने लाथ मारली की उसण जाते, अशी समजूत. काहींना बरे वाटते, हेही खरे. मग लाथेत जादू आहे का? मुळीच नाही. एक तर उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते. दुसरे कारण अपेक्षा. ‘आता बरं वाटणार’ असे मनाने धरले, की शरीर स्वतःच वेदना दाबणारी द्रव्ये सोडते. 1978 साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेल्या इंजेक्शनानेही काहींचे दुखणे कमी झाले. पण त्या द्रव्यांना अडवणारे नालोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढले.

उलटही घडते. 2011 साली 22 निरोगी स्वयंसेवकांना वेदनाशामक चालू असतानाच ‘औषध बंद केले’ असे सांगितले, तर औषधाचा गुण जवळजवळ नाहीसा झाला.

मालिशचेही तसेच. तालमीत पैलवान रगडून घेतो, कारण यातून अंग मोकळे होणार ही त्याची खात्री असते. तोच हात धास्तावलेल्या बाईच्या पाठीवर पडला, आणि वर ‘नस सरकलीय, लई दुखणार’ असे ऐकवले, की अंग आखडते, दुखणे वाढते.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे : एक शरीराला लागलेला, दुसरा मनाला. धीराच्या शब्दाने दुसरा बाण चुकतो. म्हणून पहिला खोटा ठरत नाही. तेव्हा राबणाऱ्या आयाबहिणींचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवू नका.

चोळणाऱ्याने आपण काय करणार ते आधी सांगावे. ‘जितकं दुखेल तितका गुण’ हे खरे नाही. सोसवेना तर ‘थांबा’ म्हणा. आणि पडल्यावर हाड मोडल्याची शंका असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, पाठदुखीबरोबर ताप असेल, तर मालिश नको, लाथ तर नकोच. थेट दवाखाना गाठा. अपेक्षेने वेदना हलकी होते, मोडलेले हाड जुळत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!