एका पिकअपमधला कांदा



गेल्या जूनमध्ये, मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर, नांदगावातल्या एका कृषी सेवा केंद्राचे मालक माझ्याकडे आले. त्यांची वेबसाइट मीच करून दिलेली. चार पानांची साधी साइट होती. कोणतं बियाणं आलंय, खताचा साठा किती आहे, दुकानाचा नकाशा आणि फोन नंबर, एवढंच. न्यायडोंगरीच्या एका शेतकऱ्यानं ती मोबाइलवर उघडली, तर सगळा पडदा लाल झाला आणि इशारा आला, की ही साइट धोकादायक आहे. त्यानं त्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मालक मला म्हणाले, "भाऊ, लोक विचारतात, तुमच्या दुकानात व्हायरस आहे का?" वीस वर्षं उधारीवर बियाणं देऊन कमावलेलं नाव होतं त्यांचं, आणि ते ऐन पेरणीच्या तोंडावर पणाला लागलं होतं.

त्या रात्री मी माझ्याकडच्या जुन्या प्रतीशी एकेक फाइल जुळवून पाहिली. एक ओळही बदललेली नव्हती. साइट स्वच्छ होती. खोट निघाली ती शेजारी.

होय, वेबसाइटलाही शेजारी असतात, आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

वेबसाइट म्हणजे शेवटी कुठल्या तरी संगणकावर ठेवलेल्या फाइली. तो संगणक रात्रंदिवस चालू आणि इंटरनेटला जोडलेला लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. अख्खा सर्व्हर एकट्यानं भाड्यानं घेणं छोट्या दुकानदाराला परवडत नाही. म्हणून होस्टिंग कंपन्या एकाच सर्व्हरवर शेकडो जणांच्या साइट ठेवतात. याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात.

आपल्याकडे ज्याचा कांदा आठ-दहा क्विंटलच निघाला, तो एकटा गाडी करत नाही. शेजारच्या तिघांना विचारतो, चौघांच्या गोण्या एका पिकअपमध्ये चढतात, गाडी नांदगावच्या नाही तर मनमाडच्या बाजार समितीत जाते आणि भाडं चौघांत वाटलं जातं. आता समजा, त्यातल्या एकाच्या गोण्या सडक्या निघाल्या आणि कुणी गोणीवरचं नाव न बघता गाडीचा नंबरच लिहून ठेवला, की या गाडीतला माल घेऊ नका. उरलेल्या तिघांचा कांदा कितीही टणक असो, त्यांच्या गोण्यांना कुणी हात लावणार नाही. कृषी केंद्राचं नेमकं हेच झालं होतं. त्याच सर्व्हरवर कुणीतरी एका बँकेचं खोटं लॉगिन पान उभं केलं होतं. शेतकऱ्याच्या मोबाइलवरच्या अँटिव्हायरसनं त्या पानाऐवजी सगळ्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत टाकला.

या पत्त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात, आणि आपल्या गोष्टीतला गाडीचा नंबर तो हाच. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे 429 कोटीच आहेत, आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच जवळजवळ संपला. तेव्हा प्रत्येक साइटला स्वतंत्र पत्ता देणं शक्यच नाही. एका पत्त्यावर अनेक साइट राहू शकतात, कारण ब्राउझर सर्व्हरला नुसता पत्ता सांगत नाही, कुणाला भेटायचंय ते नावही सांगतो. 1997 साली वेबच्या नियमांत हे नाव सांगणं सक्तीचं झालं. वाड्याचा पत्ता एक, बिऱ्हाडं अनेक, आणि पोस्टमन नाव वाचून पत्र देतो, तसंच हे. 2003 साली हार्वर्डच्या बेंजामिन एडेलमन यांनी मोजून पाहिलं, तेव्हा डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग या नावांच्या चालू साइटपैकी 87 टक्क्यांहून अधिक साइट कुणा ना कुणाबरोबर एकाच पत्त्यावर राहत होत्या. म्हणजे शेजार ही इंटरनेटवरची सर्वसाधारण रीत आहे.

आणि हे ज्यांना ठाऊक असायला हवं, त्यांनाही नसतं. 2013 साली ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानं गुंतवणूकदारांना फसवणारी एक साइट बंद करायला लावली. बंद करताना दिला तो आयपी अॅड्रेस. त्या पत्त्यावरच्या सुमारे 1,200 साइट एकदम बंद पडल्या. त्यात मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी नावाची, लोकांना फुकट शिकवणारी संस्थाही होती. एका पत्त्यावर अनेक साइट असू शकतात, हे त्या अधिकाऱ्यांना माहीतच नव्हतं, असं पुढे चौकशीत उघड झालं.

आपल्याकडेही असं घडलंय. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले. त्यानंतर केंद्र सरकारनं मोजकी काही पानं बंद करायला सांगितली. इंटरनेट कंपन्यांनी ती पानं वेगळी न काढता, अनेकांचे ब्लॉग एकत्र ठेवणारं ब्लॉगस्पॉट अख्खंच बंद केलं. मुंबईतले लोक ज्या ब्लॉगवर जखमींची, नातेवाइकांची माहिती एकमेकांना देत होते, तोही ब्लॉगस्पॉटवरच होता. तिथे सगळ्यांमध्ये सामायिक होतं ते आयपी अॅड्रेसऐवजी साइटचं नाव. पण चूक तीच, बिऱ्हाड न बघता वाड्याला कुलूप लावण्याची.

मग अँटिव्हायरस असं का करतो? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. 1990 च्या दशकात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस शोधून काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. त्या काळी व्हायरस फ्लॉपीतून यायचा. प्रत्येक व्हायरसची काही ठरावीक अक्षरं असायची. प्रोग्रॅम एकेक फाइल उघडून ती अक्षरं शोधायचा, म्हणजे गोणी सोडून कांदा हातात घेऊन बघण्यासारखंच. आज धोका वेबवरून येतो. बँकेचं खोटं पान काही तासांसाठी उभं राहतं, लोकांना लुबाडतं आणि नाहीसं होतं. रोज उगवणारं असं प्रत्येक पान माणसानं बघून ठरवायला वेळच नसतो. म्हणून यंत्रं आपणहून याद्या बनवतात, कुठल्या नावावरून, कुठल्या पत्त्यावरून वाईट माल आला ते नोंदवतात, आणि बदमाशानं नाव बदललं तरी पत्ता तोच राहील या हिशेबानं पत्ताच अडवतात. या घाईमागचं कारण मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या यादीत नाव चढायला मिनिटं लागतात आणि उतरायला दिवस, आणि ज्याचं नाव चढलं त्याला कुणी कळवत नाही. नांदगावच्या दुकानदाराला ते गिऱ्हाइकाकडून कळतं.

चूक किती छोटी असू शकते, पाहा. 31 जानेवारी 2009, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले होते. धोकादायक साइटची यादी अद्ययावत करताना गुगलमध्ये कुणाकडून तरी त्या यादीत नुसती एक तिरकी रेघ नोंदली गेली. ही रेघ प्रत्येक वेबपत्त्यात असते. झालं, शोधून मिळालेल्या जगातल्या प्रत्येक साइटखाली इशारा येऊ लागला, की ही साइट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते. जवळजवळ तासभर हा प्रकार चालला. पण ती चूक साऱ्या जगाला दिसली, म्हणून तासाभरात सुधारली. कृषी केंद्राची कुणाला दिसणार?

आता साइटवाल्या मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दर वेळी दोष शेजाऱ्याचाच असतो असं मुळीच नाही. जुनं, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं वर्डप्रेस आणि कुठून तरी फुकट मिळवलेलं प्लगइन यातून साइट खरोखरच बाधित होतात. सर्व्हरवर खातेदारांच्या मधल्या भिंती कच्च्या असल्या, तर शेजाऱ्याची कीड आपल्याकडे सरकतेही. आणि "मी उघडून पाहिलं, मला तर काही दिसत नाही" हा पुरावा नाही. काही कीड फक्त गुगलवरून शोधत आलेल्या किंवा मोबाइलवरून आलेल्या माणसालाच दिसते. मालक थेट पत्ता टाकून येतो, त्याच्यापासून ती लपून राहते.

म्हणून आधी आपलं घर तपासा. व्हायरसटोटल नावाची साइट आहे. 2004 साली स्पेनमध्ये सुरू झाली, 2012 पासून गुगलकडे आहे. तिथे आपल्या साइटचा पत्ता टाकला, की अनेक कंपन्यांचं मत एकत्र, फुकट कळतं. एक-दोघांनीच बोट दाखवलं असेल, तर चुकीची शक्यता मोठी. आठ-दहा जणांनी दाखवलं असेल, तर भांडायला जाऊ नका, साइट साफ करा. साइट स्वच्छच असेल, तर ज्या कंपनीनं शिक्का मारला तिच्याकडे लेखी तक्रार करा. चुकीचा इशारा कळवण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी अर्ज ठेवलेला असतो. सोबत होस्टिंगवाल्याला कळवा, की या सर्व्हरवर फसवणुकीचं पान आहे, ते काढा किंवा माझी साइट दुसऱ्या पत्त्यावर हलवा. ही मागणी रास्त आहे, तुम्ही भाडं भरता. ज्यांची ईमेलही त्याच सर्व्हरवरून जाते त्यांनी तीही तपासावी, कारण पत्ता बदनाम झाला की मेलही स्पॅममध्ये पडायला लागतात.

आम्ही हे सगळं केलं. सर्व्हर बदलला, तक्रार केली, दोनदा आठवण करून दिली. नवव्या दिवशी शिक्का निघाला. तोवर तालुक्यातली बरीचशी पेरणी उरकली होती.

आणि तुम्ही, जे फक्त साइट उघडून बघता, तुमच्याशी दोन शब्द. लाल पडदा दिसला तर पुढे जाऊ नका आणि अँटिव्हायरस बंद तर मुळीच करू नका. चुकून वाजणारी घंटासुद्धा घरात असावी, कारण बँकेचं खोटं पान खरोखर कुणाचे तरी पैसे नेतं. पण त्या पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी एक करा. दुकानदाराला फोन लावा आणि सांगा, "दादा, तुमच्या साइटवर असा इशारा येतोय, बघून घ्या." त्याला ते सांगणारं दुसरं कुणी नाही.