मेजावरचे सैन्य आणि सोनपेठची रात्र



बाजारहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखातले गाव. तेथून इच्चोडा गाठून महामार्गाने दक्षिणेकडे वळले, की नेरडीगोंडा मागे पडते, घाट उतरतो आणि निर्मळ येते. २०१६ मध्ये निर्मळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्यापूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. या निर्मळची खेळणी प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाचे हलके, मऊ लाकूड कोरायचे, चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवायचे, वर रंग चढवायचे, आणि हरीण, हत्ती, पोपट उभे करायचे, हा तेथील नकाश मंडळींचा पिढीजात उद्योग. याच निर्मळच्या परिसरातील लोहखनिजापासून कोनासमुद्रम् येथे असे पोलाद तयार होई, की ते खरेदी करण्यासाठी इराणातून व्यापारी येऊन राहत. व्हॉइसी या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पाहून लिहून ठेवले आहे. एकाच टापूत लेकरांची खेळणी आणि तलवारीचे पाते ही दोन्ही घडत होती. आजचा विषय या दोहोंच्या मधला आहे: रंगविलेल्या चिमुकल्या सैनिकांची फौज मेजावर मांडून जुन्या लढाया पुन्हा खेळण्याचा छंद.

ज्या रणांगणावर हजारो माणसे मेली, ते मेजावर मांडून चहाचे घोट घेत खेळावे काय, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उभा राहतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर मात्र खेळाच्या आतच शोधावे लागते.

मराठी माणसाला रंगीत सैनिक अपरिचित नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या दिवसांत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात, माथ्यावर सिंहासनस्थ महाराज बसतात आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे पहारा देतात. हे मावळे कोणाविरुद्ध उभे असतात? शत्रूची फौज बहुधा बाजारात मिळतच नाही. अफजलखानाच्या भेटीचा एखादा देखावा सोडला, तर दिवाळीचा किल्ला हा शत्रूवाचूनचा किल्ला असतो. ते स्मरण आहे, सण आहे, लढाई नव्हे. मेजावरच्या खेळात मात्र दोन बाजू लागतात आणि दुसरी बाजूही कोणीतरी मनापासून लढवावी लागते. पहिल्या डावात जो आपल्या आवडत्या पक्षाचा सेनापती होता, त्याला दुसऱ्या डावात पलीकडच्या खुर्चीवर बसून त्याच पक्षाला हरविण्याचा विचार करावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सवय दहा व्याख्यानांनी लागत नाही.

दोन्ही बाजूंनी खेळण्याची ही शिस्त मुळात बुद्धिबळाची, म्हणजे आपल्याच घरची. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांची सेना ती चतुरंग, आणि तिचा खेळ तोही चतुरंग. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त या खेळाचा श्लेषाने उल्लेख केला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाला जागा दिली. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त त्याचे वर्णन केले. धर्मशास्त्राच्या ग्रंथकाराला राजनीतीचा विचार करताना बुद्धिबळ वगळावेसे वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी मुलखात तर प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजत. वजिराच्या बळावर कोणीही जिंकेल, असा तिच्यामागचा भाव.

हाच खेळ युरोपात गेला आणि तेथे त्याला निराळे वळण लागले. ब्रन्सविक येथील हेल्विग नावाच्या विद्वानाने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट कितीतरी मोठा केला, घरांना डोंगर, नदी, दलदल यांचे रंग दिले आणि सोंगट्यांच्या जागी त्या काळच्या पलटणी बसविल्या. पुढे प्रशियात राइसविट्झ पिता-पुत्रांनी घरेच काढून टाकली. पित्याने १८१२ मध्ये आपला खेळ राजाला दाखविला. पुत्राने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाचे नियम छापले, आणि ते प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले गेले. त्या नियमांत एक नवे पात्र होते: पंच. दोन्ही सेनापती आपले हुकूम त्याच्याकडे देत, आणि एकाला दुसऱ्याचे जेवढे सैन्य प्रत्यक्षात दिसले असते तेवढेच पंच नकाशावर मांडी. बाकीचे त्याच्या मनात. या पंचाकडे पुढे परत यावयाचे आहे.

सैनिकी शिक्षणातून हा खेळ घरगुती छंदात आला, त्याचे बरेचसे श्रेय एच. जी. वेल्स या कादंबरीकाराला जाते. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. खेळण्यातल्या तोफेने पत्र्याचे शिपाई पाडण्याचे नियम त्यात आहेत. लेखक युद्धाचा पुरस्कर्ता नव्हता. मेजावरचे छोटे युद्ध दोन-चारदा खेळले, म्हणजे खरे युद्ध किती गोंधळाचे असले पाहिजे हे उमगते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने छंद पुन्हा पसरला. प्राचीन व मध्ययुगीन लढायांसाठी १९९० साली ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ही छोटी नियमावली निघाली, आणि तिने मोठी सोय केली. प्रत्येक बाजूला अवघ्या बारा तुकड्या, मेज दोन फूट चौरस. प्रत्येक पाळीला एक फासा टाकावयाचा आणि जेवढे दान पडेल तेवढेच हुकूम सोडावयाचे. एक पडला, तर सबंध सैन्य डोळ्यांसमोर अडचणीत असतानाही एकच तुकडी किंवा एकत्र उभा असलेला एकच गट हलविता येतो. सेनापतीचा शब्द रणांगणावर किती कमी लोकांपर्यंत पोहोचतो, हे एका फाशाने इतके नेमके सांगितलेले क्वचित आढळेल.

सैनिक बहुधा धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, पंधरा ते अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे. ते मिळतात कोरे. रंगवावे लागतात घरी. हे काम खेळापेक्षा अधिक वेळ खाते, आणि पुष्कळांना तेच अधिक आवडते. अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग घड्यांतली सावली, शेवटी एक-दोन केसांच्या कुंचल्याने डोळे. निर्मळच्या नकाशाला यातले काहीच नवे वाटणार नाही. परंतु रंगविणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, तो नकाशापुढे नसतो: या शिपायाचा अंगरखा कोणत्या रंगाचा होता? दख्खनच्या सैन्याबाबत उत्तर हवे असेल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याच्या हस्तलिखिताकडे जावे लागते. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ १५६५ च्या लढाईनंतर ते सिद्ध झाले; त्यातील चित्रांत निजामशाही दरबार आहे, त्याचप्रमाणे विजयनगरच्या रामरायाशी झालेल्या त्या युद्धाचे प्रसंगही आहेत. एका शिपायाची पगडी बिनचूक रंगविण्यासाठी माणूस हस्तलिखितांच्या दालनापर्यंत जातो, ही गोष्ट ग्रंथालयाच्या सभासदांना सुखावणारी आहे.

आता लढाई. बाजारहत्नूरच्या डोंगरांतले पाणी कडम नदीतून गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, आजच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ आहे. १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगरचा वेढा धैर्याने झुंजविला आणि शेवटी वऱ्हाड मोगलांना देऊन तह केला. परंतु वऱ्हाड म्हणजे कोठपर्यंत? पाथरीवरून तंटा झाला. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरी आहे, तसेच माहूर, माणिकदुर्ग आणि तेलंगणाही आहेत, म्हणजे माहूरपासून पूर्वेकडचा हा सारा डोंगराळ पट्टाच त्या तंट्याच्या पोटात होता. १५९७ च्या प्रारंभी विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांची संयुक्त फौज विजापूरच्या सुहैलखानाच्या हाताखाली सोनपेठजवळ उभी राहिली. समोर मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे ज्याचे दोहे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत तो रहीम. त्याच्या बाजूने खानदेशचा फारूकी सुलतान राजा अली खान लढत होता. बुऱ्हाणपूरच्या ज्या जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, ती बांधविणारा हाच.

पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंची काही पथके मोडली, काही जिंकली. दख्खनी घोडदळाचा मोठा भाग विजय झाला असे समजून लुटीमागे पांगला; मोगलांचीही दाणादाण उडाली होती. अंधार पडला तेव्हा दोन्ही सेनापती आपणच जिंकलो या समजुतीने रणभूमीवर थांबले होते, आणि दोघांमध्ये थोडेसेच अंतर होते. फेरिस्त्याने ही रात्र वर्णिली आहे. सुहैलखानाच्या तळावर दिवे लागले, तेव्हा खानखानानास कळले की समोर शत्रू आहे. त्याने तोफा डागविल्या. दिवे विझले, जागा बदलली गेली. मग रात्रभर दोघांचेही स्वार आपापली पांगलेली माणसे अंधारात गोळा करीत राहिले. पहाटे खानखानानाजवळ थोडे लोक होते, सुहैलखानाजवळ तिपटीच्या आसपास. पराभव झाला तर आपणास कोठे शोधावे, असे दौलतखान लोदीने विचारले आणि प्रेतांच्या ढिगाखाली, असे उत्तर त्याला मिळाले, अशी कथा सांगतात. त्या दिवशी मोगल जिंकले. जखमी सुहैलखानाला त्याच्या माणसांनी उचलून नेले.

ही लढाई मेजावर आणताना पंधराव्या शतकाअखेर थांबणाऱ्या वरील नियमावलीत तोफांची भर घालावी लागते, आणि ते फारसे अवघड नाही. पळत्या शत्रूमागे धावलेले घोडदळ मेजाबाहेर काढून ठेवावयाचे आणि ते परतेल की नाही हे फाशावर सोपवावयाचे, हेही जमते. खेळाडू चरफडतात, सुहैलखानही चरफडला असेल. पाणी, वैरण, लमाणांचे तांडे, बुणगे यांना मेजावर जागा नसते. तो दोष मोठा आहे, कारण मध्ययुगीन फौजेत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे बहुधा अधिक असत. पण खरी अडचण त्या रात्रीची आहे. मेजावर सारे दिसते. दोन्ही सैन्ये दिव्याच्या उजेडात लखलखत उभी आहेत आणि खेळाडूला उंचावरून, कोणत्याही सेनापतीला कधी मिळाली नाही अशी दृष्टी मिळालेली आहे. सोनपेठचा निकाल ज्या अज्ञानाने घडविला, तेच येथे नाहीसे होते. इतिहासाची पुस्तके वाचतानाही नेमके हेच घडते. वाचकाला शेवट ठाऊक असतो, म्हणून सुहैलखान मूर्ख वाटतो.

म्हणून सोनपेठ खेळावयाची तर राइसविट्झचा पंच हवा. दोन खोल्या, दोन मेजे, आणि मधून जा-ये करणारा एक माणूस. सायंकाळ झाली, की त्याने दोन्ही मेजांवरील बहुतेक पुतळे उचलावेत आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या जवळचे दहा-पाच परत द्यावेत. बातमी चिठ्ठीवर यावी, तीही अर्धवट.

आणि राजा अली खानाचे काय करावयाचे? पहिल्या दिवसाच्या गर्दीत तो आपल्या लोकांसह लढत मारला गेला. परंतु मोगलांच्या तळावर त्याची खबर नव्हती. तो पळाला असेल किंवा शत्रूला मिळाला असेल, असा समज झाला आणि आपल्याच पक्षाच्या लोकांनी त्याचा तळ लुटला. लढाई संपल्यावर प्रेतांमध्ये त्याचे शव सापडले. ते बुऱ्हाणपूरला नेण्यात आले. हा प्रसंग खेळात आणावयाचा, तर पंचाने त्याचा पुतळा कोणी पाहत नसताना उचलून खिशात टाकावा. ज्याने त्याचे कवच, घोडा, निशाण आठवडाभर बसून रंगविले, त्या खानखानानाच्या खेळाडूस चिठ्ठी द्यावी ती एवढीच, की फारूकी पथक जागेवर दिसत नाही. मागे त्याचा तंबू तसाच उभा असतो, आणि तो लुटावयाचा की राखावयाचा हे त्या खेळाडूने पुढच्या पाळीपूर्वी लिहून द्यावयाचे असते.