दोन मिनिटांच्या सावलीसाठी



लासलगावात कोणताही विषय काढला तरी श्रोता आधी मनातल्या मनात भाव विचारतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून आजच्या विषयाचा भाव आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी परदेशी जायचे, विमानाचे भाडे भरायचे, आठ-दहा दिवस घर, शेत आणि दुकान दुसऱ्याच्या हवाली करायचे. आणि ज्यासाठी हा खटाटोप, ते दोन मिनिटांत, फार तर सात-साडेसात मिनिटांत आटोपणार. त्यातून ऐन वेळी ढग आडवा आला तर तेही पदरात पडणार नाही. हिशेबी माणसाने अशा सौद्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. असे असूनही जगभरची हजारो माणसे हा सौदा करतात, आणि एकदा केलेली पुन्हा करतात. २ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेनचे दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान यांवरून जाणाऱ्या ग्रहणासाठी आपल्याकडील मंडळीही सहलींची चौकशी करू लागली आहेत. तेव्हा हा सौदा मुळात काय आहे, ते आज पाहू.

पहिला प्रश्न असा की, जावे का लागते? सूर्य आपल्या अंगणातून दिसतोच. परंतु ग्रहण हा सावलीचा खेळ आहे. चंद्राच्या गडद सावलीचे टोक पृथ्वीवर टेकते तेव्हा त्याची रुंदी शंभर-दोनशे किलोमीटरांच्या आसपास असते, आणि ते ताशी दीड हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत जाते. त्या अरुंद पट्ट्यात जो उभा असेल त्यालाच खग्रास दिसते. एखाद्या ठराविक गावावरून असा पट्टा सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा जातो. म्हणजे ग्रहण आपल्या दारी येण्याची वाट पाहावी तर पंधरा पिढ्या जाव्यात!

कोणी म्हणेल, पट्ट्यात नाही तर नाही. शेजारी राहून नव्याण्णव टक्के पाहू. येथेच सर्वांची गफलत होते. सूर्याभोवती जे शुभ्र, मोत्याच्या कांतीचे प्रभामंडळ असते, त्याचा प्रकाश सूर्याच्या सुमारे दहा लाखांश असतो. सूर्याचा एक टक्का जरी उघडा राहिला, तरी तो त्या प्रभामंडळाच्या दहा हजार पट प्रखर असतो. मग दिसणार काय? गाडी एका मिनिटाने चुकली काय किंवा एका तासाने चुकली काय, प्रवासी फलाटावरच राहतो. नव्याण्णव आणि शंभर यांच्यामध्ये येथे एकाचे अंतर नाही. दिवस आणि रात्र यांचे आहे.

आता या सौद्याचा एक जुना दाखला देतो, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे. आज आपण ग्रहणासाठी परदेशी जाण्याच्या गोष्टी करतो. परंतु एकदा परदेशची माणसे त्यासाठी आपल्याकडे आली होती. शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. भर दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून वऱ्हाडात उतरली आणि पुढे बक्सरकडे जाऊन हिमालयात शिरली. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून सूर्यबिंब थोडे मोठे दिसते आणि चंद्राला ते फार वेळ झाकता येत नाही. म्हणून आपल्याकडे खग्रास टिकला तो अवघा दोन मिनिटे. तेवढ्यासाठी ही मंडळी समुद्र ओलांडून आली, आणि तीही मुंबई-पुण्याच्या मुलखात प्लेगने थैमान घातले असताना.

जेऊरला कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपला तळ ठोकला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी आपल्या विद्यालयाचा माणूस स्वतःचे यंत्र घेऊन बरोबरीने उभा होता, हे आपण विसरू नये.

वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. आजच्या भाषेत ही खरीखुरी सामुदायिक सहल. मुंबईहून तळणीला जाणारा लोहमार्ग आपल्याच लासलगाव स्टेशनावरून, पुढे मनमाड-भुसावळवरून जातो. या तुकडीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनीबाई पूर्वी ग्रिनिच वेधशाळेत गणनेचे काम करीत; १८९५ मध्ये विवाह होताच त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. परंतु आकाशाने त्यांना नोकरीवरून काढले नव्हते. तळणीच्या माळावर एका लहानशा कॅमेऱ्याने त्यांनी प्रभामंडळातून निघालेला असा एक किरण टिपला की, तेवढ्या लांबीचा किरण तोवर कोणाच्या छायाचित्रात आला नव्हता. मोठ्या वेधशाळांच्या मोठ्या यंत्रांना जे साधले नाही ते हौशी मंडळींच्या तुकडीतल्या एका बाईंना साधले.

त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी गृहस्थ होते. ग्रहण पाहून ते परत गेले खरे. पण १९०७ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आले, कोडाईकनालच्या वेधशाळेत दाखल झाले, १९०९ मध्ये सूर्यावरील डागांत वायू कसा वाहतो याचा महत्त्वाचा शोध त्यांनी तेथेच लावला आणि पुढे त्या वेधशाळेचे संचालक झाले. सहलीला आलेला माणूस सूर्याच्या अभ्यासासाठी आपल्या देशात राहिला तो असा. तिकडे बक्सरला नेव्हिल मास्केलिन या जादूगाराच्या कॅमेऱ्याने ग्रहणाचा चलच्चित्रपट घेतला गेला. परंतु परतीच्या वाटेत ती फिल्मच चोरीला गेली! मास्केलिन खचले नाहीत. १९०० साली अमेरिकेत जाऊन त्यांनी पुन्हा चित्रण केले, आणि ते आजही पाहावयास मिळते.

विजयदुर्गाचे नाव निघाले म्हणून एक खुलासा करतो. तेथे नॉर्मन लॉक्यर यांनी उभारलेले चौथरे ‘साहेबांचे कट्टे’ म्हणून दाखवतात, आणि हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगतात. इतिहास थोडा निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉक्यर तेव्हा इंग्लंडातच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी तेथूनच, ग्रहणावाचून, ती अनोळखी पिवळी रेषा तपासली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्से यांच्या. लॉक्यर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. याने किल्ल्याचा मान उणा होत नाही. ज्याने एका मूलद्रव्याचा माग काढला, त्या माणसाला दोन मिनिटांसाठी आपल्या किनाऱ्यावर यावेसे वाटले, हा मान काय थोडा आहे?

या जुन्या मंडळींकडून आजच्या प्रवाशाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे कामाची वाटणी. विजयदुर्गावर लॉक्यर यांनी मेल्पोमेनी या युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून पुनःपुन्हा तालमी घेतल्या; कोणी सेकंद मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, हे आधीच ठरलेले. आपणही समुदायाने गेलो तर हेच करावे. एकाने क्षितिजावरून येणारी सावली पाहावी, एकाने उष्णतामापकाकडे, एकाने पाखरांकडे लक्ष ठेवावे. आणि निदान काहींनी हातात कॅमेरा न घेता नुसते वर पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे ढगांचा विचार. २२ जुलै २००९ रोजी बिहारमधील तारेगना येथे मोठी गर्दी जमली आणि ढगांनी सर्वांची निराशा केली. म्हणून ठिकाण निवडताना हॉटेल नव्हे, आभाळ पाहावे. २०२७ साली इजिप्तमधील लक्सरकडे लोकांचा ओढा आहे तो यासाठीच. ऑगस्टमध्ये तेथे ढग क्वचितच दिसतो, आणि खग्रास सहा मिनिटांहून थोडा अधिक टिकतो. तेव्हा चंद्र जवळ आणि सूर्य दूर असल्याने हा लाभ. परदेशी जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी २० मार्च २०३४ रोजी हीच सावली काश्मीर-लडाखच्या सीमेवरून जाणार आहे.

आता शेवटचा आणि आमच्या मते खरा मुद्दा. १८९८ च्या त्या दुपारी लासलगाव पट्ट्याबाहेर होते. तरी गणिताने पाहता येथेही सूर्यबिंबाचा नऊ-दशांशांहून अधिक व्यास झाकला गेला असणार. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे किती घरांची दारे लावलेली असतील, किती गर्भवती लेकीसुना अंधाऱ्या खोलीत निश्चल बसवल्या गेल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. कारण तो रिवाज अजून पुरता गेलेला नाही. आणि हा तोच मुलूख की जेथे चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे! ग्रहणाचे गणित भास्कराचार्यांच्या ग्रंथांत होते. पंचांगात वेळ छापलेली होती. उणीव होती ती दार उघडण्याची. लाखभर रुपये खर्चून लक्सरला जाऊन आलेला गृहस्थ जर घरी सुनेला खोलीत बसवणार असेल, तर त्याचा प्रवास मुंबईच्या विमानतळापलीकडे गेलाच नाही, असे आम्ही म्हणू.

तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य जावे, आणि मुलीसुनांना बरोबर न्यावे. जे जाणार नाहीत त्यांनाही काम आहे. २ ऑगस्ट २०२७ ही आषाढ अमावास्या, आपली दिव्याची अवस. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडेही खंडग्रास आहे. पावसाने उघडीप दिली तर घरातल्या सर्वांनी अंगणात यावे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा. तो नसेल तर पिठाची चाळणी उन्हात धरावी. प्रत्येक छिद्रातून जमिनीवर एक एक कोरलेला सूर्य उमटेल. तो सर्वांत आधी घरातल्या लहान मुलाला दाखवावा, आणि मग संध्याकाळी आनंदाने दिवे उजळावेत.