हाताला काम, तोंडाला शब्द

इतकी वर्षं या सभागृहात मी फक्त हिशेबाबद्दल बोललो. आज नातवाबद्दल बोलतो.

दोन वर्षांचा झाला तरी जेमतेम चार शब्द. डॉक्टरांनी आधी कान तपासून घेतले; ऐकू नीट येत होतं. चूक माझी होती. जेवताना गप्प बसावा म्हणून मोबाइल मीच द्यायचो. मोबाइल अखंड बोलायचा, पण त्याला उत्तर नको असायचं.

मग आमच्या हिनं त्याला मटार सोलायला बसवलं. ‘शेंग घे. उघड. दाणे टाक.’ हात जे करतो, तेच त्याच वेळी तोंडानं सांगायचं. मी कुंड्यांना पाणी घालताना त्याला बरोबर घेऊ लागलो. ‘ओत. हळू. पुरे!’ रोज तीच कृती, तेच शब्द. (खालच्या बाल्कनीत पाणी गळलं, त्याबद्दल क्षमस्व.) ताराबाई मोदकांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणात हातांच्या कामाला एवढं स्थान का दिलं, ते मला सत्तरीनंतर उमगलं.

तिसऱ्या आठवड्यात तांब्या कलंडला. मी ओरडणार, तोच तो म्हणाला, ‘आबा, सांडलं!’

अजून मागेच आहे तो. खाली बागेत भेटला तर त्याच्याशी जरूर बोला. फक्त उत्तराला थोडं थांबा.